हवा नेमकी जाते कुठे? : १९७३च्या व्हॅनच्या तापणाऱ्या इंजिनाच्या नोंदी

१२ जानेवारी

गाडी फोक्सवॅगन टाईप २, पुढे सलग मोठी काच असलेली, १९७३चं मॉडेल. इंजिन मागे, १५८४ सीसी, ड्युअल पोर्ट (दर हेडला मिश्रण आत घेणारी दोन तोंडं), ५० अश्वशक्ती, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही, गळणारे होसपाईप नाहीत. जी काही उष्णता बाहेर जायची ती हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि सिलिंडर यांच्या फिन्समधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून, नाहीतर ऑईलमधून.

तक्रार अशी की सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते, पण लांब चढ संपवून थांबलं की आयडलिंगला (जागेवर उभं राहून हळू चालताना) ऑईलच्या दाबाचा दिवा मिणमिणायला लागतो. मागचं झाकण उघडलं की झळ तोंडावर येते. गरम इंजिन बंद करून लगेच चालू करायला गेलं तर स्टार्टर कण्हत फिरतो. आधीच्या मालकाने यावर उपाय म्हणून गाडीखाली जादा ऑईल कूलर टांगलाय, विजेच्या पंख्यासकट. तरी तापतं ते तापतंच.

या कामाचा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. नवीन काही बसवायचं नाही. कारखान्यातून निघताना या इंजिनावर जे जे होतं ते सगळं जागेवर आहे का आणि आपलं काम करतंय का, एवढंच आधी बघायचं. हीच व्हॅन, हवेवर थंड होणारी, कॉम्बी या नावाने ब्राझीलमध्ये २००५च्या डिसेंबरपर्यंत बनत होती. 'हे इंजिन तापणारच, जातच तशी' हे म्हणणं मला त्यामुळे पटत नाही.

१५ जानेवारी

मोजल्याशिवाय काहीच उघडायचं नाही, म्हणून आज दोन मीटर बसवले. एक ऑईलच्या तापमानाचा, एक हेडच्या.

बहुतेक गाड्यांत फक्त ऑईलचा मीटर असतो आणि त्यावर भिस्त ठेवली जाते. ऑईल हळू तापतं, हळू निवतं. चढावर हेडचं तापमान मिनिटाभरात चाळीस-पन्नास अंश उडी मारू शकतं, ऑईलला त्याची खबर लागेपर्यंत चढ संपलेला असतो. शिवाय जादा कूलर लावलेल्या गाडीत ऑईल छान थंड दिसतं आणि हेड वर भाजत असतं. या इंजिनात आधी मरतं ते हेडच. ॲल्युमिनियम मऊ पडतं, व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडी) सैल होते, स्पार्क प्लगचं भोक आणि सीट यांच्यामध्ये चीर जाते.

हेडचा सेन्सर म्हणजे प्लगखाली बसणारी तांब्याची कडी, तिच्यातून निघालेली थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या जोडाची) वायर. प्लगचा मूळ वायसर काढून त्या जागी ही कडी घातली. सिलिंडर निवडला तीन नंबरचा. तो डाव्या बाजूचा, गिअरबॉक्सकडचा. जुन्या रचनेत ऑईल कूलर फॅन हाऊसिंगच्या (पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या घराच्या) आतच उभा असायचा, बरोबर याच सिलिंडरच्या वर. म्हणजे तीन नंबरला कूलरमधून गरम झालेली, अडलेली हवा मिळायची. कंपनीला हे ठाऊक होतं. काही जुन्या डिस्ट्रिब्युटरांत (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागांत) तीन नंबरचा स्पार्क मुद्दाम थोडा उशिरा ठेवलेला असे. १९७१च्या मॉडेलपासून कूलर हाऊसिंगबाहेर सरकवून त्याला वेगळी खोली दिली, पंखाही रुंद केला. हीच डॉगहाऊस म्हणून ओळखली जाणारी रचना आणि आपल्या इंजिनावर ती आहे. तरी नजर ठेवायची तर अजूनही तीन नंबरवरच.

एक गोष्ट मीटरच्या कागदात बारीक अक्षरात असते. थर्मोकपल दोन टोकांमधला फरक मोजतं. साध्या मीटरमध्ये थंड टोकाचा हिशेब एका ठरावीक तापमानाला धरलेला असतो. वायरचा जोड इंजिनखान्यातच केला तर ते टोकही तापतं आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून जोड ओढून केबिनमध्ये, डॅशच्या मागे आणला.

माझ्या डोक्यातल्या मर्यादा: ऑईल ८० ते १०० अंश उत्तम, ११०पर्यंत चालवून घेऊ, १२० दिसलं की गाडी बाजूला. हेड सपाटीला १६० ते १९०, चढावर थोडा वेळ २१०, आणि २३० ही लक्ष्मणरेषा.

१९ जानेवारी

आधीची स्थिती नोंदवायला फेरी. मी चालवतोय, धाकटा भाऊ शेजारी वही घेऊन. बाहेर २८ अंश.

सपाटीवर ताशी ८०, चौथा गिअर: हेड १९६, ऑईल १०६. आरामात चालताना हेड १९६ म्हणजे चढासाठी गाठीला काहीच उरलं नाही.

चढ लागला. मुद्दाम चौथ्यातच ठेवली, वेग ६०वर आला. पाय जवळजवळ तळाला.

"दादा, दोनशे पंधरा."

"ऑईल?"

"ऑईल ११२च आहे. दोनशे बावीस... दादा, सोड ना आता, एकतीस झाले!"

पाय काढला, तिसरा टाकला, वर सपाट जागा बघून थांबलो. इंजिन लगेच बंद केलं नाही, मिनिटभर चालू ठेवलं. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो, इंजिन बंद की वारा बंद, आणि हेडमध्ये साठलेली उष्णता मग जाणार कुठे. तेवढ्यात ऑईल ११८ला पोचलं. हेड खाली येत होतं आणि ऑईल वर जात होतं.

निघण्यापूर्वी आणखी एक तपास केला. इंजिन चालू ठेवून, मागचं झाकण उघडून, इंजिनाभोवतीचा पत्रा आणि बॉडी यांच्यातल्या फटीपाशी सुताचा एक तुकडा धरला. धागा लोंबकळायला हवा होता, तो वर ओढला जाऊन ताठ उभा राहिला. म्हणजे पंखा खालची हवा आत खेचतोय. आणि खाली काय आहे? सायलेन्सर, एक्झॉस्टचे पाईप आणि सिलिंडरवरून नुकतीच तापून बाहेर पडलेली हवा. तीच हवा फिरून फिरून इंजिनाला पाजली जातेय.

२६ जानेवारी

इंजिन उतरवलं. बॅटरीची वायर, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबली, पेट्रोलचा पाईप, वायरी, मागचा आधार, गिअरबॉक्सला धरणारे चार बोल्ट, आणि जॅकवरून खाली.

पेट्रोलचा रबरी पाईप वाकवला तर त्यावर बारीक भेगा उमटल्या. हा आपला विषय नाही, पण या गाड्या तापून बंद पडतात त्याहून वाईट म्हणजे पेटतात, आणि त्यामागे बऱ्याचदा हाच हातभर पाईप असतो. सगळे पाईप नवीन, क्लिपांसकट.

इंजिनाभोवतीची रबरी पट्टी: डाव्या बाजूला कडक होऊन तुटलेली, पुढच्या बाजूला अजिबात नाही. या एका पट्टीवर सगळी विभागणी उभी आहे. पत्र्याच्या वर थंड हवेची खोली, पत्र्याच्या खाली गरम हवेची. थंड हवा मागच्या खांबांवरच्या जाळीतून आत येते, पंखा ती ओढून फिन्सवर मारतो, आणि ती तापून खाली निघून जाते. मधली भिंत गळकी असली तर पुढचं सगळं गणित बिघडतं.

२७ जानेवारी

आजचा दिवस पत्रे उतरवण्यात गेला. जे सापडलं ते क्रमाने लिहितो.

फॅन हाऊसिंग उचललं तर तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरांवर उंदराचं घरटं. वाळकं गवत, कापडाच्या चिंध्या, सीटमधला फोम. बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. पंखा झकास फिरत होता, पण हवा घरट्यावर आपटून बाजूला जात होती. गाडी काही महिने उभी राहिली असेल तर हाऊसिंग उचलून बघणं हाच इलाज, टॉर्च मारून हे दिसत नाही.

ऑईल कूलरच्या फिन्स ऑईल आणि धुळीच्या राळेने बुजलेल्या. अर्ध्याअधिक भागातून उजेड दिसत नव्हता. मूळ कूलरच बंद, आणि त्यावर इलाज म्हणून खाली दुसरा कूलर!

कूलरमधून निघालेली गरम हवा इंजिनखान्याबाहेर नेणारा पन्हाळीसारखा पत्रा असतो, तो नाही. डॉगहाऊस रचनेचा अर्धा फायदा त्या पत्र्यात आहे. तो नसला तर कूलरची गरम हवा इंजिनखान्यातच राहते आणि पुन्हा पंख्याच्या तोंडात जाते.

सिलिंडरांच्या खाली, दोन सिलिंडरांच्या मध्ये बसणारे वाकडे पत्रे: उजव्या बाजूचा आहे, डाव्या बाजूचा नाही. हा पत्रा हाताच्या पंजाएवढा, दिसायला क्षुल्लक, आणि इंजिन बांधताना बऱ्याच जणांना तो उरलेला तुकडा वाटतो. पण त्याचं काम नीट समजून घ्यायला हवं. हवा वरून येते. तिला मोकळं सोडलं तर ती सिलिंडरच्या वरच्या अंगाला शिवून सरळ खाली पडते, खालचं अंग कोरडं राहतं. हा पत्रा तिला सिलिंडरला लपेटून खालच्या बाजूने जायला लावतो. तो नसला तर सिलिंडर एका बाजूने तापतो, वेडावाकडा फुगतो, रिंगा घासतात, आणि मग ऑईल जळायला लागतं. आपल्या गाडीत हा पत्रा नेमका तीन-चार नंबरखालचा गायब आहे.

हीटरकडे हवा नेणारी फॅन हाऊसिंगची दोन तोंडं: एकाचा होस आहे, दुसरं उघडं. पंख्याने कमावलेली हवा त्या भोकातून वाया. तिथे एकतर होस हवा, नाहीतर घट्ट बूच.

प्लगच्या वायरींची रबरी टोपणं: एकालाच कड शाबूत, बाकीच्या तिघांची झडलेली. तिथूनही हवा गळते. थोडी थोडी करत सगळी मिळून किती होत असेल!

शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की हवेच्या वाटेवरच्या झडपा उघडणारा भाग. नाही. झडपाही नाहीत. त्यांना जोडणारी तार कापलेली आणि तिचं टोक व्यवस्थित वळवून ठेवलेलं, म्हणजे कुणीतरी विचारपूर्वक हे केलंय. विचार असा असतो की झडपा हवा अडवतात, मग काढून टाका, जास्त हवा मिळेल. ऐकायला बरोबर वाटतं. प्रत्यक्षात झडपा पूर्ण उघडल्या की त्या हवेला वळण देतात, हेडच्या मधल्या भागाकडे लोटतात. त्या काढल्या की हवा जिथे वाट सोपी तिथून निघून जाते. शिवाय थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो, तोवर जाड ऑईल, सैल पिस्टन आणि पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण यांनी होणारी झीज सुरू. आणि 'थर्मोस्टॅट बिघडला तर इंजिन जळेल' ही भीती? मूळ थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची घडीदार डबी. ती फुटली की लांबते, लांबली की झडपा उघडतात. तार तुटली तरी स्प्रिंग झडपा उघड्या बाजूलाच ओढते. बनवणाऱ्यांनी बिघाडाची दिशा आधीच ठरवून ठेवली होती.

२ फेब्रुवारी

फिन्स साफ करण्याचं काम. कंटाळवाणं, पण हात काळे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी डिझेल आणि ब्रश, मग लाकडी पट्टीने खरवडणं, मग हवेचा झोत. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या टोकांशी राळ सर्वात जाड होती. नळ्यांची सीलं गळतात, ऑईल फिन्सवर पसरतं, धूळ त्यावर बसते आणि भाजून घट्ट होते. त्यामुळे गळती ही फक्त जमिनीवरच्या डागाची गोष्ट राहत नाही. नळ्या हलक्या ताणून लांब केल्या, सीलं सगळी नवीन.

हेड उजेडासमोर धरलं. एक्झॉस्टच्या बाजूला, प्लगच्या जवळ, दोन फिन्समधल्या फटी आरपार दिसायला हव्यात. तीन ठिकाणी उजेडच नाही. घाण समजून खरवडायला गेलो तर धातू. ओतकामाच्या वेळी साच्याच्या फटीत शिरलेलं ॲल्युमिनियम तसंच राहिलेलं, कागदाहून जरा जाड पापुद्रा. गाडी जन्मल्यापासून त्या फटींतून कधी हवाच गेलेली नाही. हॅकसॉचं पातं हातात धरून, हळूहळू, फिनला धक्का न लावता कापून काढलं. मोठ्या ठिकाणी पातळ ड्रिल. जिथे इंजिन सर्वात गरम असतं तिथे बोटभर फट मोकळी करण्याएवढा स्वस्त सुधार दुसरा नसेल.

हेड उतरवलेलीच आहेत तर चिरा बघून घेतल्या. प्लगच्या भोकाकडून सीटकडे जाणारी एक केसासारखी रेष चार नंबरला वाटत होती, पण साफ केल्यावर काजळीच निघाली. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल बसलाय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि गाईड चारही नवीन घातले.

सिलिंडरांना रंग द्यायचा की नाही? लोखंडी सिलिंडर गंजतात म्हणून अगदी पातळ काळा थर दिला. हेडला काहीच नाही. चकचकीत दिसावं म्हणून फिन्सवर रंगाचे तीन-तीन थर चढवलेली इंजिनं मी पाहिलीत, ती प्रदर्शनातच शोभतात.

८ फेब्रुवारी

पत्र्यांची जुळवाजुळव. जुन्या इंजिनावरून काढलेले मूळ पत्रे मिळाले, ते घेतले. नव्या नकली पत्र्यांची जाडी कमी असते आणि कडा जुळत नाहीत. एक पत्रा हातोडीने बसवावा लागला तर समजायचं की तो दुसऱ्याच इंजिनाचा आहे.

सिलिंडरखालचे दोन्ही पत्रे बसले. ते सैल राहिले तर खडखडतात, म्हणून त्यांचे कान जरा उघडून घट्ट बसवले. कूलरच्या भोवती फोमची पट्टी नवीन, गरम हवेचा पन्हाळी पत्रा जागेवर.

मिळालेला जुना थर्मोस्टॅट तपासला. भांड्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि डबी दोऱ्याला बांधून सोडली. पुस्तकातला निकष: ६५ ते ७० अंशांना लांबी किमान ४६ मिमी व्हायला हवी. साठपर्यंत काही हालचाल नाही. त्यानंतर घड्या एकेक करून उघडत गेल्या, सत्तरला व्हर्नियर लावला तर ४७. पाण्याबाहेर काढल्यावर आक्रसून पुन्हा होती तेवढी. बसवला, तार ओढली, झडपा थंडीत बंद आणि स्प्रिंगने मोकळ्या उघडतात हे हाताने करून पाहिलं.

पंख्याची पाती आतून घाणीने गोल झाली होती. धुतला, तडा नाही ना बघितलं, हाऊसिंगला कुठे घासत नाही हे फिरवून पाहिलं. मधला मोठा नट पूर्ण ताकदीने आवळला. तो सैल झाला तर पंखा हाऊसिंग फाडून बाहेर येतो.

१० फेब्रुवारी

ऑईलची बाजू. कूलर आतून-बाहेरून धुतला, बुडाची सीलं योग्य मापाची. या इंजिनांत सीलांची दोन मापं आहेत, ८ आणि १० मिमी, जुन्या-नव्याची सरमिसळ झाली की गळती ठरलेली.

ऑईलच्या दाबाची सुटका करणारा व्हॉल्व्ह उघडला. त्यातला पिस्टन अडकून बसला होता, उघड्या बाजूला! हे महत्त्वाचं निघालं. थंड, जाड ऑईल असताना हा पिस्टन उघडतो आणि ऑईल कूलरला वळसा घालून जातं, म्हणजे कूलर फुटत नाही. गरम झालं की तो बंद व्हायला हवा. उघडाच अडकला तर तापलेलं ऑईलही कूलरकडे जात नाही. उलट, बंद अडकला तर थंडीत कूलर फुटतो. भोक बारीक पॉलिश करून पिस्टन नवा घातला, आता स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. आयडलिंगच्या मिणमिणत्या दिव्याचंही निदान बहुधा यातच होतं.

१५ फेब्रुवारी

इंजिन वर चढवलं. रबरी पट्टी नवीन, पत्र्याची कड सगळीकडून तिच्या खाचेत बसली की नाही हे बोट फिरवून बघितलं. पुढची बाजू दिसत नाही, तिथे बोटावरच विश्वास.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट: इंजिन पूर्ण थंड असताना, सगळे ०.१५ मिमी. फीलर गेज लोण्यातून जातो तसा जाऊ नये आणि ओढावाही लागू नये. घट्ट टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता द्यायला सीटशिवाय फारशी जागा नसते. शांत चालणाऱ्या टॅपेटपेक्षा किंचित वाजणारे बरे.

फॅन बेल्ट. वरची पुली दोन भागांची, मध्ये शिम (पातळ चकत्या). शिम मधून काढली की बेल्ट वर चढतो आणि आवळतो, काढलेली शिम नटाखाली बाहेर ठेवायची. मध्यावर अंगठ्याने दाबून साधारण १५ मिमी ढील ठेवली. हा बेल्ट तुटला तर डायनॅमोबरोबर पंखाही थांबतो. चार्जिंगचा लाल दिवा लागला की 'बॅटरीचं बघू घरी गेल्यावर' म्हणायची सोय या इंजिनात नाही, गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्यायची. १९७२च्या मॉडेलपासून काही व्हॅनमध्ये आलेल्या मोठ्या, चपट्या इंजिनात पंखा थेट क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसवलाय. ती धास्ती तिथे नाही, पण तिथलं बाकीचं पत्र्यांचं शास्त्र हेच.

टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पडतो ते, आयडलिंगला लावून सोडून देऊ नये. व्हॅक्यूमचा होस काढून, ३५०० आरपीएमला टायमिंग लाईटने एकूण ॲडव्हान्स (स्पार्क किती आधी पडतो ते) बघितला: ३६ अंश. फार पुढे. २८ ते ३२मध्ये हवा, ३०वर बसवला. फार पुढे असला तर नॉकिंग (सिलिंडरमधला अवेळी भडका), आणि पत्र्याच्या खडखडाटात या व्हॅनमध्ये नॉकिंग ऐकूही येत नाही. फार मागे असला तर स्फोटाची उष्णता एक्झॉस्टच्या वाटेवर उतरते आणि हेड तापतं.

मिश्रण, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण. इनटेक मॅनिफोल्डच्या (ते मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या पाईपच्या) रबरी जोडांवर क्लीनरचा हलका फवारा मारला. उजवीकडे आवाज बदलला, म्हणजे तिथून फुकटची हवा शिरतेय. जोड नवीन, क्लिपा नवीन. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं याचाही हिशेब धरावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, १० टक्के इथेनॉल असेल तर १४.१च्या आसपास. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तोच ठेवला तर मिश्रण आपोआप पातळ होतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे गरम हेड. मेन जेट एक माप मोठा घातला. प्लगचा रंग बघून पुढचं ठरवू.

ऑईल अडीच लिटर, एवढंच मावतं. अडीच लिटर ऑईल वंगणही करतं आणि उष्णताही वाहतं, म्हणून ऑईल बदलण्याची पाच हजार किलोमीटरची मुदत मी पुढे ढकलत नाही.

२२ फेब्रुवारी

पहिली खरी फेरी. बाहेर २७ अंश, तोच रस्ता, तोच भाऊ, तीच वही.

निघण्यापूर्वी धाग्याची परीक्षा पुन्हा. पट्टीपाशी धागा सरळ लोंबतोय. मागच्या खांबाच्या जाळीपाशी धरला तर आत ओढला जातोय. हवा आता जिथून यायला हवी तिथून येतेय.

सपाटीवर ताशी ८०: हेड १६८, ऑईल ९४. सुरुवातीला झडपा बंद असताना हेडचा काटा नेहमीपेक्षा भरभर चढला, भाऊ जरा घाबरला. ऑईल सत्तरीच्या पुढे गेल्यावर काटा अडखळला आणि परत उतरून १६८ला स्थिरावला. थर्मोस्टॅट उघडल्याची खूण मीटरवर इतकी स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

चढ, पुन्हा चौथ्यातच, ताशी ६०: हेड २०९वर थांबलं. ऑईल १०३.

१ मार्च

आज फक्त गिअरचा प्रयोग. तोच चढ, तोच वेग, पण तिसऱ्या गिअरमध्ये: हेड १९२, ऑईल १०१.

चौथ्यात ताशी ६०ला इंजिन सव्वादोन हजाराच्या आत-बाहेर फिरतं, तिसऱ्यात सव्वातीन हजाराच्या पुढे. पंखा क्रँकच्या पावणेदोन पटीच्या आसपास फिरतो, त्यामुळे इंजिन हजाराने वाढलं की पंखा पावणेदोन हजाराने वाढतो. डोंगर तोच, लागणारी ताकद तीच, हवा मात्र कितीतरी जास्त. शिवाय कमी आरपीएमला पाय तळाला ठेवून ओढण्यात सिलिंडरमधला दाब वाढतो, ते वेगळंच. इंजिन ओरडतंय म्हणजे त्रास होतोय, हे पाण्यावरच्या गाड्यांतून आलेलं वळण. इथे ते गुरगुरतंय, थरथरतंय, गाडी ओढत नाही, तेव्हा त्रास होतोय असं समजायचं.

सपाटीवर मात्र उलट सवय लागते. शंभरच्या पुढे नेली की हेड १९०च्या वर सरकतं. खोक्याच्या आकाराच्या गाडीला हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते, पंखा मात्र आरपीएमच्याच मर्यादेत. ऐंशी-पंच्याऐंशी हा या गाडीचा सुखाचा वेग.

८ मार्च

गाडीखालचा जादा कूलर काढून टाकला. भावाचं मत होतं की लावलेलाच आहे तर राहू दे, बिघडतंय काय? बिघडतं ते असं: दोन मीटर होस, आठ जोड, सगळे दगड उडणाऱ्या जागी. एक होस फुटला तर अडीच लिटर ऑईल रस्त्यावर यायला किती वेळ लागणार? आणि त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट नसल्याने थंडीत ऑईल साठाच्या वर चढत नव्हतं, त्यात आलेली ओल उडून जात नव्हती. इंजिनाची क्षमता वाढवली असेल, सतत डोंगरात भार ओढायचा असेल, तर थर्मोस्टॅटसकट जादा कूलर जरूर लावावा, पण त्याची गरम हवा पंख्याच्या वाटेत येणार नाही अशा जागी. आपल्या इंजिनाला तो नको.

काढल्यानंतरची फेरी: चढावर, तिसऱ्यात, हेड १९३, ऑईल १०५. दिवा मिणमिणला नाही.

२१ मार्च

ऑईल बदललं. गाळणीत चमकी नाही. चारही प्लग काढले: एक, दोन, चार फिकट तपकिरी, तीन नंबर किंचित पांढुरका. जेट आहे तोच ठेवतो. उजवीकडच्या जोडाची क्लिप अर्धा आटा आवळली गेली, पण तीन नंबर डावीकडचा आहे. डाव्या जोडावर पुढच्या वेळी फवारा मारून बघायला हवं.

टॅपेट थंड इंजिनावर तपासले. सात जसेच्या तसे ०.१५. तीन नंबरचा एक्झॉस्ट ०.१३. नवीन व्हॉल्व्ह सीटवर बसताना एवढा फरक पडतो. पुन्हा ०.१५ केला. पुढच्या हजार किलोमीटरला फक्त हा एक उघडायचा. ०.१५वर टिकला तर विषय संपला. पुन्हा घटला तर व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट खचतेय असं धरून डावं हेड उतरवायचं. गॅस्केट दोन आणून ठेवलीत.